धोंड्याला या, पाने-पकड घेऊन या

सासुरवाडीहून धोंड्याच्या जेवणाचं आवतण आलं ते असं : "रविवारी राजनंदिनीला घेऊन या. येताना पाने-पकड आणा."

फोन भुजंगच्या दुकानाशेजारच्या पानटपरीवर आला होता. टपरीवाल्यानं निरोप जसाच्या तसा सांगितला आणि वर विचारलं, "जेवायला बोलावलं की कामाला?" भुजंगनं सुपारीचं खांड तोंडात टाकलं. त्याला स्वतःलाच ते ठरवता येत नव्हतं.

आता अधिक महिना म्हणजे काय, हे जावयांना सांगावं लागत नाही. एरवी घरात ज्याला कुत्रं विचारत नाही, असला नगही या महिन्यात सासुरवाडीला गेला की पाटावर बसतो. सासू पाणी ओतते, सासरा परातीत पाय धुतो, पुसतो, कुंकू लावतो. मग पुरणाचे धोंडे तुपात बुडवून पोटात घालायचे, नवी टोपी डोक्यावर चढवायची आणि ढेकर देत गावाला जायचं. तीन वर्षांतून एकदा येणारी चैन. भुजंगच्या लग्नाला नऊ-दहा वर्षं झाली होती आणि सासूच्या हातचं पाणी त्याच्या पायांना अजून लागलं नव्हतं. तसे त्याचे पाय रोजच ओले असायचे, धंदाच नळाचा. पण ते पाणी वेगळं आणि हे वेगळं, एवढं त्याला कळत होतं.

भुजंगचा बाप जळबा सिद्धेश्वरच्या धरणाकाठी मेंढरं राखायचा. जळबा जन्मभरात मेंढरांशी जेवढं बोलला तेवढं बायकोशी बोलला नसेल. राहिलेलं सगळं बोलणं पोराच्या वाट्याला आलं असावं, कारण भुजंगचं तोंड कधी बंद नसे. गावात नळयोजना आली, तेव्हा ठेकेदाराच्या माणसांना पाइप धरायला कुणीतरी हवं होतं. भुजंगनं पाइप धरला तो पुन्हा सोडलाच नाही. हिंगोली परभणीतून फुटून स्वतंत्र जिल्हा झाला, नवी ऑफिसं आली, नव्या कॉलन्या पडल्या, तेव्हा यानं तिथं टपरीवजा दुकान टाकलं आणि पाटी लावली : 'भुजंग प्लंबिंग. पाणी थांबवून मिळेल.' नळाच्या कामात तो बरा होता. बोलण्यात त्याहून बरा होता.

त्याचं लग्न जमलं तेच मुळी एका थापेवर. हट्टा गावच्या अमृतरावाला दोन मुली. केळी, हळद, विहीर, बैलजोड्या, सगळं बरं चाललेलं. थोरलीला बँकेतला शिवप्रसाद मिळाला. धाकटी राजनंदिनी. तिच्यासाठी मध्यस्थानं भुजंगचं नाव काढलं आणि सांगितलं की पोरगा सरकारी पाणीपुरवठ्यात कायम आहे. मध्यस्थ थापा मारून, जेवून, पान खाऊन निघून गेला. अक्षता पडल्यावर अमृतरावाला कळलं की जावई कायम आहे तो फक्त पाना फिरवण्यात. राग खरं तर मध्यस्थावर निघायला पाहिजे होता. पण मध्यस्थ पुन्हा त्या गावात फिरकला नाही आणि जावई मात्र सणावाराला येत राहिला, तेव्हा राग जवळच्या माणसावर निघत राहिला. भुजंगला या थापेचा पत्ताच नव्हता. लग्नानंतर वर्षभरानं राजनंदिनीनं सांगितलं तेव्हा तो आधी हसला आणि मग दिवसभर कुणाशी बोलला नाही. त्याच्या बाबतीत ही दुखणं आल्याची खूण होती.

पहिला धोंडा एकोणीसशे नव्व्याण्णवचा, भर मे महिन्यातल्या उन्हाचा. भुजंगनं टेरिकॉटचा पांढरा शर्ट शिवला. हट्ट्याला फाट्यावर उतरून नवरा-बायको दारात पोचले. अमृतराव ओसरीत बसला होता. तो म्हणाला, "आलास का? बरं झालं. मागचा नळ गळून राहिला."

जावयाला अरे-तुरे. तरी भुजंगनं शर्ट काढून खुंटीला लावला आणि बनियनवर मागं गेला. नळ बसवून, डोक्यापासून पायापर्यंत भिजून तो ओसरीत आला तेव्हा शिवप्रसादचे पाय परातीत होते. सासू चंद्रभागाबाई तांब्यानं पाणी ओतत होती, अमृतराव अंगठे चोळत होता. थोरल्याचं आटोपलं. आता धाकट्याची पाळी म्हणून भुजंग पाटाजवळ सरकला. चंद्रभागाबाईनं त्याच्याकडं वर-खाली पाहिलं आणि हसत म्हणाली, "ह्यांचे पाय तर धुतलेलेच हायेत की."

सगळं घर हसलं. भुजंग सगळ्यांत मोठ्यानं हसला. फक्त राजनंदिनी हसली नाही. परात उचलली गेली, पाणी तुळशीला गेलं, आणि भुजंग ओल्या पायांनी पंगतीला बसला. धोंडे त्यानं भरपूर खाल्ले. मानापायी पोटाला उपाशी ठेवणारा तो गडी नव्हता. पण परतीच्या एसटीत त्यानं खिडकीतून बाहेर तोंड केलं ते हिंगोली येईपर्यंत आत घेतलं नाही.

पुढच्या धोंड्याला, म्हणजे दोन हजार एकला, तो दुकानाला कुलूप लावून कामासाठी पुण्यात होता. एका मोठ्या हॉटेलात पाइपांचं काम रामकिशन उस्तादाकडं होतं आणि हा उस्ताद निघाला हिंगोलीजवळच्या कनेरगाव नाक्याचा. आपल्याकडचा माणूस म्हणून त्यानं भुजंगला हाताखाली घेतलं. एके दिवशी सकाळी तळमजल्यावरच्या पाइपाचा कॉक फुटला. कॉक म्हणजे पाणी बंद-चालू करायची चावी. बदलायचा तर वरची टाकी रिकामी करावी लागणार, आणि वर सगळे मजले भरलेले. साबण लावून उभ्या असलेल्या साहेबांना पाणी बंद केलं तर मॅनेजरनं पाइपाच्या आधी उस्तादाला कापलं असतं.

उस्तादानं एका पेटीतून रबरी जाकीट काढलं. माणसाचं नाही, पाइपाचं. दोन अर्ध्या वाट्या, पाइपाभोवती आवळायच्या, आणि त्यात नळीनं सिलिंडरमधला गॅस सोडायचा. सोड्याच्या बाटलीत असतो तोच गॅस, पण सिलिंडर उलटं केलं की तो पातळ होऊन बाहेर पडतो आणि जाकिटात शिरला की त्याचं पांढरं, भुसभुशीत बर्फ होतं. त्या गारठ्यानं पाइपातलं पाणी तेवढ्याच जागी गोठतं. पाण्यालाच पाण्याचा बूच. मग खालचा पाइप खुशाल उघडायचा, नवा कॉक बसवायचा, आणि जाकीट काढलं की बर्फ आपोआप वितळून पाणी चालू. टाकी भरलेलीच. वरचा साहेब साबण धुऊन टॉवेल गुंडाळून बाहेर आला तरी त्याला काही पत्ता नाही.

भुजंग उघड्या पाइपाच्या तोंडाकडं बघत राहिला. आत पांढरा डोळा दिसत होता आणि एक थेंब पडत नव्हता.

"एकच गोष्ट ध्यानात ठेव," रामकिशन म्हणाला, "पाणी उभं पाहिजे. पुढं कुठं एक तोटी जरी सुटली, पाणी हाललं, की गोठणार न्हाई. सारा गॅस वाया. पाइपाला कान लावायचा. गोठलं की आत कट् असा आवाज येतो. तो ऐकल्याशिवाय पान्याला हात लावायचा न्हाई."

त्यानंतरच्या धोंड्याला, म्हणजे दोन हजार चारला, भुजंग पुण्याहून परत येऊन हिंगोलीत बसला होता. पण त्यानं काम निघाल्याचं सांगितलं आणि राजनंदिनीला एकटीलाच लावून दिलं. ती गेली, जेवली, परत आली. तिकडं काय झालं हे तिनं सांगितलं नाही आणि त्यानं विचारलं नाही.

उस्तादानं निरोप देताना त्याला एक जुनं जाकीट दिलं होतं. हिंगोलीत ते पाहून लोकांनी आधी खूप करमणूक करून घेतली. वैशाखात डांबर पायाला चिकटतं त्या गावात हा पाणी गोठवणार. एका लॉजच्या मालकानं निव्वळ गंमत म्हणून काम दिलं. भुजंगनं सोड्याच्या कारखान्यातून सिलिंडर आणलं, दोरानं उलटं टांगलं, जाकीट आवळलं, आणि भर दुपारी लॉजचा पाइप गोठवून उघडा करून दाखवला. मालकानं आत बोट घालून पाहिलं आणि बोट तोंडात घातलं. त्यानंतर भुजंगचं बोलणं गावाला आवरेना. "सारे प्लंबर पाणी सोडून काम करतात, म्या पाणी धरून करतो," हे त्यानं इतक्या वेळा म्हटलं की टपरीवाला त्याच्या आधीच ते वाक्य पुरं करू लागला.

आणि आता दोन हजार सातचा धोंडा. पाने-पकड आणा.

अमृतरावानं मधल्या काळात स्लॅबचं घर बांधलं होतं, गच्चीवर सिमेंटची टाकी. त्या टाकीत मागच्या साली एक वानर पडलं. वानर वाचलं, पण चंद्रभागाबाईनं ते पाणी कुणाला पिऊ दिलं नाही आणि अमृतरावानं चिडून टाकीच्या झाकणावरच सिमेंट ओतून टाकलं. पाणी भरायला एक पाइप वर ठेवला, बाकी सगळं बंद. तेव्हा त्याला कुणी विचारलं होतं, उद्या काही बिघडलं तर? त्यानं सांगितलं होतं, बिघडायला वानर आता आत जाऊन राहिलं का? आता बिघडलं होतं. टाकीखालचा कॉक जाम, फिरतच नाही; झाकण बंद, तेव्हा आतून बूचही मारता येत नाही. आणि टाकीतून खाली येणाऱ्या पाइपावर, मागच्या अंगणात छातीएवढ्या उंचीवर, अख्ख्या घराचा कॉक होता त्याच्या पोटाला चीर गेलेली. बोअर आटलेलं. धोंड्याच्या पंगतीसाठी टँकरनं टाकी भरून घेतलेली. चीर वाढली तर सगळं पाणी अंगणात आणि पाहुणे कोरडे.

"ह्या बारीला मशीन नका नेऊ," राजनंदिनी आदल्या दिवशी म्हणाली. "रिकाम्या हातानं चला. नुस्ते जावई म्हणून."

"रिकाम्या हातानं गेलो तर दारातच इचारतील, पाने कुठं हायेत म्हणून."

"इचारू द्या. मी सांगते काय सांगायचं ते."

"तुला कळून न्हाई राहिलं. सारं गाव बघंल. सारं गाव बघितल्यावर तुझ्या बापाला मला पाटावर बसवावंच लागंल."

राजनंदिनीनं त्याचा पांढरा शर्ट इस्त्रीला दिला, आणि भुजंगनं सिलिंडर टेम्पोत चढवलं.

रविवारी सकाळी हट्ट्यात पोचले तेव्हा ओसरीत दोन घोंगड्या शेजारी शेजारी अंथरल्या होत्या. काळ्याभोर, जाड, मेंढरांच्या लोकरीच्या. जावयांना बसायला काढलेल्या. एकीवर शिवप्रसाद आधीच बसला होता. भुजंग दुसऱ्या घोंगडीकडं वळला तोच अमृतराव म्हणाला, "आधी गच्चीवर बघून घे. ते जरूरीचं हाये."

भुजंग गच्चीवर गेला. टाकीखालचा कॉक त्यानं सगळ्या तऱ्हेनं फिरवून पाहिला, शिव्याही घालून पाहिल्या. तो वर असताना खाली शिवप्रसादचे पाय धुतले गेले. वरून त्याला परात दिसली, सासूचा हात दिसला, सासऱ्याचं टक्कल दिसलं. तो कठड्याला टेकून बघत राहिला. आपण इथं पाना घेऊन काहून उभे आहोत, असं त्याच्या मनात आलं. मग ते गिळून तो खाली उतरला. शिवप्रसाद टॉवेलनं बोटांच्या बेचक्या पुसत होता.

"चालू द्या साडू तुमचं," तो म्हणाला. माणूस वाईट नव्हता. ओले पाय पुसताना दुसरं काय बोलतात हे त्याला सुचलं नसावं.

मग भुजंगनं मांडामांड केली. सिलिंडर लिंबाच्या फांदीला उलटं टांगलं. कॉकच्या चिरेवर सायकलच्या ट्यूबची पट्टी ताणून गुंडाळली, म्हणजे गळती तेवढ्यापुरती थांबली. कॉकच्या वर पाइपाला जाकीट आवळलं. अंगणात गाव गोळा झालं होतंच, त्यांना त्यानं सगळं समजावून सांगितलं, कुणी न विचारताही. एक म्हातारा म्हणाला, "आमाला एक गोळा दे रे बर्फाचा," आणि अंगण हसलं.

नंतर तो घरभर फिरला. स्वयंपाकघराची तोटी, न्हाणीची तोटी, गोठ्याच्या हौदाची तोटी, सगळ्यांना त्यानं चिंध्या बांधल्या. "ही चिंधी म्या सोडंपर्यंत कुणी सोडायची न्हाई," त्यानं बजावलं. हट्ट्यात दारात आलेल्याला पाणी न देणं म्हणजे त्याला हाकलून देणं, हे तो जाणून होता. म्हणून त्यानं एक-एक माणूस आठवून बंदोबस्त केला. येणाऱ्या सोयऱ्यांसाठी पाय धुवायला दारात दोन घागरी भरून ठेवल्या. स्वयंपाकाला पिंप भरलं. लेकरांसाठी माठ. न्हाव्यासाठी वेगळी बादली, कारण न्हावी कुणाचं ऐकत नाही. शिवप्रसादला पुन्हा तोंड धुवायचं असलं तर ओसरीत तांब्या. घरात ज्याच्यासाठी कुणी तोटी सोडू शकेल असा एकही माणूस त्यानं सोडला नाही.

उन्हाचा कहर होता. पाइप हाताला चटका देत होता. पोत्याची ओली पट्टी गुंडाळली तरी गारठा टिकेना, गॅस नुसता उडून चालला होता. लोकर उन्हाला आत येऊ देत नाही, हे मेंढक्याच्या पोराला सांगायला नको. भुजंग ओसरीत गेला आणि दुसरी घोंगडी उचलून आला.

"अरे, ती बसायची हाये," अमृतराव म्हणाला.

"माझीच हाये ना, मामा? म्या कुठं बसून राहिलो." आणि त्यानं ती जाकिटावरून पाइपाला दोन वेढे घालून बांधली.

हे तो चेष्टेच्या सुरात बोलला. अंगणातल्या लोकांनीही चेष्टाच समजून घेतली. चंद्रभागाबाई स्वयंपाकघराच्या दारात पुरणाचा हात घेऊन उभी होती. ती आत गेली.

भुजंगनं गॅस सोडला. घोंगडीच्या वरच्या काठाशी पाइपावर पांढरी बुरशी धरावी तसं बर्फ धरलं, आणि अंगण गप्प झालं. मघाचा म्हातारा पुढं सरकला. अमृतराव खुर्ची सोडून उठून आला. भुजंगनं पाइपाला कान लावला. एक हात त्यानं वर धरला होता, कुणी बोलू नये म्हणून. इतकी माणसं आपल्यासाठी गप्प बसलेली त्यानं कधी पाहिली नव्हती. आता फक्त कट् एवढा आवाज यायचा होता. मग पाना, मग उघडा पाइप, मग अमृतरावाचं बोट धरून त्या पाइपात घालायचं, हे त्यानं रात्रीच ठरवून ठेवलं होतं.

आवाज आला. पण कट् असा नाही. सळसळ असा. पाइपात पाणी चाललं होतं.

पांढरं बर्फ बघता बघता ओलं झालं आणि घोंगडीच्या काठावरून ओघळू लागलं. कुणीतरी तोटी सोडली होती. भुजंगच्या डोक्यात एक-एक माणूस फिरला. लेकरं? ती सगळी इथंच, लिंबाखाली. न्हावी? तोही इथंच, सगळ्यांच्या पुढं. शिवप्रसाद? ओसरीत लवंडलेला दिसत होता. भुजंगचं टाळकं फिरलं. सिलिंडर तसंच चालू ठेवून तो स्वयंपाकघरात शिरला, शिव्या जिभेवर घेऊन.

चंद्रभागाबाई तोटीखाली तांब्या धरून उभी होती. सोडलेली चिंधी तिच्या खांद्यावर होती. खाली परात मांडलेली, पाट मांडलेला, पाटासमोर ओलं कुंकू. राजनंदिनी बाजूला टॉवेल घेऊन उभी होती आणि तिचा चेहरा रडायच्या बेतात आलेला होता.

"कोणाला पायजे पाणी, मामी?" भुजंगनं विचारलं. "घागर भरून ठेवली की दारात."

"घागरीतलं नाही चालत. जावयाच्या पायाला ताजं पाणी लागतं."

"त्यांचे तर सकाळीच धुतले."

चंद्रभागाबाईनं वर पाहिलं. "त्यांचे धुतले," ती म्हणाली. "तुमचे राहिले, जावईबापू."

सोयरे, न्हावी, लेकरं, साडू, सगळ्यांचा बंदोबस्त भुजंगनं केला होता. या घरात आपल्यासाठी कुणी तोटी सोडेल, हे त्याच्या ध्यानीमनीही आलं नव्हतं.

"मागं मी हसले होते," चंद्रभागाबाई म्हणाली. "धुतलेलेच हायेत म्हणले. हिनं दोन धोंड्यांत मला ते इसरू दिलं नाही. आज सकाळी तुमी गच्चीवर होते, म्हणलं उतरल्यावर धुवू. उतरल्यावर तुमी कामाला लागले, म्हणलं काम झाल्यावर धुवू. मग तुमी बसायची घोंगडी उचलून पायपाला बांधली. मला लई वाईट वाटलं. आता राहिलं तर पुन्हा तीन साल." तिनं तोटीवर हात ठेवला. "तुमचं काम अडून राहिलं असंल तर तोटी बंद करते. तुमी म्हणाल तसं."

बाहेर गॅस फुसफुसत होता. भुजंगला तो आवाज कळत होता. सिलिंडर अर्ध्याच्या खाली गेलं होतं. आत्ता तोटी बंद करून पळत गेलं तर उरलेल्या गॅसात जमण्यासारखं होतं. सगळं गाव अंगणात उभं होतं, सासरा पाइपाजवळ उभा होता, आणि असा दिवस पुन्हा कधी येणार. एवढंच म्हणायचं होतं, मामी, जरा थांबा. पण या घरात थांबल्यावर काय होतं, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं.

"राहू द्या सुरू," तो म्हणाला, आणि पाटावर बसला. राजनंदिनी त्याच्या शेजारी बसली. त्यानं दोन्ही पाय परातीत ठेवले.

अमृतराव दारात आला. "अरे भुजंगा, तिकडं गॅस चालून राहिला. बर्फ सारं गळून गेलं. नळाचं काय?"

"नळवाला उद्या येईल, मामा," भुजंग म्हणाला. "आज त्याला सासुरवाडीचं धोंड्याचं जेवण हाये."

अमृतरावाच्या मागं अंगणातले दोघं-तिघं डोकावत होते. चंद्रभागाबाईनं तांब्या भरला, तोटी बंद केली, आणि नवऱ्याकडं न बघता म्हणाली, "पाणी मी वतून राहिले. धुवून कोण राहिलं?"

अमृतरावानं धोतराचा सोगा खोचला आणि गुडघ्यावर हात टेकत परातीपुढं खाली बसला. चंद्रभागाबाईनं पाणी ओतलं. पाणी गारेगार होतं. मघा पाइपात जेवढं गोठायला आलं होतं, तेवढं सगळं त्या तांब्यात उतरलं होतं. भुजंगच्या अंगावर शहारा आला आणि त्याचं तोंड, जे कधी बंद नसे, ते बंद राहिलं.

अमृतराव पाय चोळू लागला. अंगठ्याच्या नखाभोवती, घोट्यावर, बोटांच्या मधे पांढरे डाग होते, वर्षानुवर्षांचे. पाइपाच्या आट्यांना लावायचा सफेदा. त्यानं अंगठा एकदा घासला, दोनदा घासला.

"ऱ्हाऊ द्या मामा," भुजंग हळूच म्हणाला. "सफेदा हाये. तो न्हाई निघत."

"बसा गप, भुजंगराव," अमृतराव म्हणाला. त्यानं बायकोकडं नारळाचा काथ्या मागितला, आणि तो मिळाल्यावर पुन्हा घासायला लागला.